किंडो बाहेर, अस्लम आत

आज शनिवार, १५ मार्च. रमजानचा चौदावा रोजा. काल जुमा आणि धुळवड एकाच दिवशी आले. त्याआधी ५ मार्चला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार झाला आणि ईस्टरपर्यंत चालणारा त्यांचा उपवासकाळ सुरू झाला. म्हणजे यंदा एकाच गावात दोन घरी उपवास आहे. एका घरी पहाटे सहरीसाठी चूल पेटते, दुसऱ्या घरी शुक्रवारी मांस शिजत नाही. अशा दिवसांत ५० वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. तीही १५ मार्चची आणि तोही शनिवारच होता.

१५ मार्च १९७५. क्वालालंपूर. विश्वचषक हॉकीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. पहिला गोल पाकिस्तानने केला. मग सुरजितसिंगने बरोबरी साधली आणि मेजर ध्यानचंद यांचा मुलगा अशोककुमार याने विजयी गोल केला. भारत २, पाकिस्तान १. पुरुषांच्या हॉकीत भारताने जिंकलेला तो एकमेव विश्वचषक. त्या वेळी भंडारा जिल्ह्यात टीव्ही नव्हता. पवनी, अड्याळ, लाखनीच्या लोकांसाठी सामना म्हणजे रेडिओ आणि रेडिओ म्हणजे जसदेवसिंग यांचा आवाज.

पण त्या विश्वचषकाची खरी गोष्ट अंतिम सामन्याच्या आधी घडली. उपांत्य सामन्यात समोर यजमान मलेशिया होता आणि मैदान त्यांच्या माणसांनी भरलेले होते. सामना संपत आला तरी भारत १-२ असा मागे होता. तेवढ्यात पेनल्टी कॉर्नर मिळाला. भारतीय संघाने एक खेळाडू बाहेर घेतला आणि राखीव खेळाडूंच्या बाकावरून एक मुलगा आत पाठवला. बाहेर आला तो मायकेल किंडो. आत गेला तो अस्लम शेरखान. अस्लमने गळ्यातल्या ताईताचे चुंबन घेतले, चेंडू मारला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत हरचरणसिंगने गोल केला आणि भारत अंतिम फेरीत पोहोचला.

अस्लमचे नाव आजही घेतले जाते. ते घ्यायलाच हवे. त्याचे वडील अहमद शेरखान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघातून खेळले होते. भोपाळच्या हॉकीचे ते घराणे. पण जो बाहेर आला, त्या मायकेल किंडोबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. किंडो कुठून आला, त्याच्या हातात पहिली काठी कुणी दिली, हे विचारले की गोष्ट क्वालालंपूरहून थेट भंडारा रोड स्टेशनच्या रुळांपर्यंत येते.

हावडा लाइनवरचा गाव

वरठीला भंडारा रोड स्टेशनवर उभे राहिले की पूर्वेकडे जाणारे रूळ गोंदिया, दुर्ग, रायपूर, बिलासपूर, झारसुगुडा करत राउरकेल्याला जातात. मुंबई-हावडा मार्ग तोच. राउरकेला हे ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातले पोलादाचे शहर. त्याला लागून उत्तरेला झारखंडचा सिमडेगा जिल्हा. हे दोन जिल्हे म्हणजे भारतीय हॉकीची शेती आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

किंडो सिमडेग्याचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात तो होता आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातला सिल्वानुस डुंगडुंग याच भागातला. भारताकडून चारशेहून अधिक सामने खेळलेला आणि तीन ऑलिंपिकमध्ये उतरलेला दिलीप तिर्की सुंदरगढचा. आज तो हॉकी इंडियाचा अध्यक्ष आहे. टोकियोच्या कांस्यपदक विजेत्या संघातले बीरेंद्र लाक्रा आणि अमित रोहिदास सुंदरगढचे. भारतीय महिला संघाची कर्णधार सलीमा टेटे सिमडेग्यातल्या एका लहानशा खेड्यातली. इतक्या छोट्या टापूतून इतके खेळाडू येतात, ते आपोआप येत नाहीत.

या भागाचे आणि भंडारा जिल्ह्याचे रूप फार वेगळे नाही. धान, जंगल, तलाव, मोहफुले आणि कापणीनंतर रिकाम्या पडलेल्या बांध्या. तिथली मुले त्या बांध्यांमध्येच खेळली. काठी बांबूची, चेंडूही बऱ्याचदा बांबूच्या मुळाचा घासून गोल केलेला. पाय अनवाणी. गोलपोस्ट म्हणजे दोन दगड नाहीतर दोन खुंट. अड्याळच्या किंवा कोंढ्याच्या कुठल्याही मुलाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. त्याने त्याच बांधीत विटीदांडू नाहीतर क्रिकेट खेळलेले असते.

फरक एवढाच की तिकडे त्या खेळाला कुणीतरी वेळापत्रक दिले.

चर्च, शाळा आणि बोकड

ते वेळापत्रक आले चर्चकडून. १८४५ मध्ये जर्मनीच्या गॉसनर मिशनचे लोक रांचीला पोहोचले. योगायोग असा की त्याच वर्षी स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले, ज्यांच्या नावाने पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. मग छोटा नागपूरमध्ये अँग्लिकन मिशन आले आणि १८८५ मध्ये बेल्जियमचे जेझुइट फादर कॉन्स्टंट लिव्हन्स. जमीनदारांनी जमिनी लाटलेल्या आदिवासींच्या बाजूने कोर्टकचेऱ्या लढवण्यात मदत केली म्हणून लिव्हन्स यांचे नाव तिथे घरोघर माहीत आहे. या मिशनांनी शाळा काढल्या, वसतिगृहे काढली आणि वसतिगृहातल्या मुलांना संध्याकाळी मैदानावर उतरवले. हॉकी तेव्हा साहेबांचा आणि पलटणींचा खेळ होता. मुलांनी तो उचलला आणि सुट्टीत घरी जाताना गावी नेला.

रांचीच्या सेंट पॉल शाळेत असाच एक मुंडा मुलगा शिकत होता. शाळेच्या इंग्रज मुख्याध्यापकांनी त्याला विलायतेला नेले. तो ऑक्सफर्डला शिकला, तिथे हॉकी खेळला आणि १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताच्या पहिल्या ऑलिंपिक हॉकी संघाचा कर्णधार झाला. तो जयपालसिंग मुंडा. त्या संघात ध्यानचंद होते, फिरोज खान होते, शौकत अली होते आणि गोलरक्षक होता रिचर्ड ॲलन, ज्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही. वाद झाल्याने जयपालसिंग अंतिम सामना खेळले नाहीत, पण सुवर्णपदक त्यांच्या संघाचे होते. पुढे ते संविधान सभेत गेले आणि आदिवासींच्या हक्कांसाठी बोलले. संध्याकाळी तासभर काठी हातात देणाऱ्या एका शाळेतून हे सगळे निघाले.

शाळेबाहेर या खेळाला आणखी एक रूप मिळाले. धान कापून, मळून घरात आले की डिसेंबर-जानेवारीत गावोगाव स्पर्धा सुरू होतात. काही चर्चच्या पॅरिशकडून, काही गावच्या मंडळांकडून. गावाचा संघ, थोडीशी प्रवेश फी, पंच म्हणून शाळेतला मास्तर किंवा फादर. बक्षीस रोख नसते. पहिल्या संघाला बोकड, दुसऱ्याला कोंबडा. तिकडच्या बोलीत बोकडाला खस्सी म्हणतात, म्हणून स्पर्धेचे नावच खस्सी टूर्नामेंट. जिंकलेला बोकड कुणा एकाच्या घरी जात नाही. तो कापला जातो आणि गाव मिळून जेवतो. सलीमा टेटे अशाच स्पर्धा बघत, खेळत मोठी झाली. तिचे वडीलही या स्पर्धांत खेळत.

रमजानच्या महिन्यात हे वाचणाऱ्याला बोकडाच्या या बक्षिसात ओळखीचे काही दिसेल. कुर्बानीच्या गोश्तचे तीन वाटे करण्याची रीत आहे. एक घराचा, एक नातलगांचा-मित्रांचा, एक गरिबांचा. इफ्तारचेही तेच. रोजेदाराला एक खजूर देणाऱ्यालाही रोज्याचे पुण्य मिळते, असे मानतात. जे मिळाले ते वाटून खायचे, ही गोष्ट कुठल्या एका धर्माच्या नावावर नोंदलेली नाही.

एक अवघड प्रश्न

इथे एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. चर्च मुलांना खेळायला बोलावते ते खेळासाठी की धर्मासाठी?

इतिहास सांगायचा तर मिशनरी धर्मप्रसारासाठीच आले होते. ते त्यांनी कधी लपवले नाही. मैदान हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये असे मानले जाई की मुलाचे शरीर आणि शिस्त घडली की त्याचा धर्मही घडतो. त्यामुळे ज्या आई-बापांना शंका येते, त्यांची शंका हवेतून आलेली नसते. मदरशाने मैदान आखले तर हीच शंका मदरशावर घेतली जाते आणि मंदिराच्या आखाड्यावरही. शंका घेणाऱ्याला वेड्यात काढून ती जात नाही. ती जाते नियम स्वच्छ असल्याने.

तो नियम आपल्या संविधानात आहे. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम सांगते की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची हवी. हे कलम चर्चच्या शाळेला लागू आहे, तसे मुस्लिम आणि हिंदू संस्थांच्या शाळांनाही. गावच्या स्पर्धेला कायद्याने ते लागू नसेलही, पण आयोजकाने ते मनाने लावून घेतले तर अर्धी भांडणे मिटतात. सामन्याआधी प्रार्थना करायची तर ज्याला करायची त्याने करावी, ज्याला नाही त्याने बाजूला बूट बांधत बसावे. कुणी त्याच्याकडे वळून बघू नये.

आणि अनुभव काय सांगतो? मुंबईत वांद्र्याला जेझुइटांची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा आहे. १८६३ मध्ये ती मुलांचे अनाथालय म्हणून सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या हॉकीचे माहेरघर बनली. १९८४ चे ऑलिंपियन जोआकिम कार्व्हालो, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेला आणि भारताचा कर्णधार राहिलेला विरेन रस्किन्हा ही तिथली मुले. त्या शाळेच्या वर्गांत आणि मैदानावर सगळ्या धर्मांची मुले असतात. काठी हातात घेतल्यावर कुणाचा पास चुकला एवढेच महत्त्वाचे ठरते.

देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या अंगणात

प्रार्थनेच्या जागेचा आणि खेळाचा संबंध जुना आहे. प्रेषित मुहम्मद यांच्या काळात ईदच्या दिवशी हबशी लोकांनी मदिनेच्या मशिदीत भाल्यांचा खेळ केला आणि प्रेषितांनी हजरत आयेशा यांना तो मनसोक्त बघू दिला, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे. मशीद म्हणजे फक्त गप्प बसण्याची जागा, हा समज त्या एका प्रसंगाने दूर होतो. आपल्या विदर्भात हनुमानाच्या देवळाशेजारी आखाडा असतोच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून ती परंपरा शाळा-कॉलेजांपर्यंत नेली आणि १९३६ मध्ये त्यांचे पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले. अड्याळची ओळखही हनुमान मंदिराने आहे. म्हणजे बलोपासना इथे नवी नाही.

विलायतेतही हेच. आज टीव्हीवर दिसणारा ॲस्टन व्हिला क्लब १८७४ मध्ये एका मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनी काढला. एव्हर्टन १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या चर्चच्या नावानेच सुरू झाला. ग्लासगोचा सेल्टिक क्लब तर पोटासाठी निघाला. १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूने तो काढला, कारण शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे होते. फुटबॉलचे तिकीट हीच त्या मुलांची जकात होती म्हणा.

गावोगाव शाळेच्या पटांगणावर जो व्हॉलीबॉल खेळला जातो, तोही असाच आला. १८९५ मध्ये अमेरिकेत होल्योक इथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेतल्या विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने तो शोधला. चार वर्षे आधी, १८९१ मध्ये, याच संघटनेच्या स्प्रिंगफील्ड इथल्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला होता. भारतात त्याच संघटनेने १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले. ते काढणारे हॅरी बक १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघासोबत गेले. विदर्भातला मुलगा जाळ्यावरून स्मॅश मारतो तेव्हा चर्चच्या एका जुन्या दिवाणखान्यातला खेळ खेळत असतो. त्याने त्याचा धर्म बदलत नाही. फक्त संध्याकाळ बरी जाते.

कॅनडात आणि अमेरिकेत आता बॉल हॉकी नावाचा खेळ आहे. तिथली खरी हॉकी बर्फावर, स्केट घालून. ती महाग पडते. बॉल हॉकीत स्केट नाही, बर्फ नाही. साधे बूट, हलका प्लॅस्टिकचा चेंडू आणि एखादे सभागृह किंवा गाड्या उभ्या करण्याची जागा. अशा मुलांच्या लीग काही चर्च चालवतात. वयाप्रमाणे गट, प्रत्येक मुलाला खेळायला सारखा वेळ आणि गुणांच्या तक्त्यापेक्षा हजेरीला महत्त्व. ज्यांना बर्फाचे मैदान परवडत नाही त्यांची मुले त्यात असतात आणि दूरदेशातून नव्याने आलेल्यांचीही. महाग खेळ स्वस्त करून दारात आणायचा, एवढेच त्यामागचे सूत्र. सिमडेग्याच्या बांबूच्या काठीचेही तेच सूत्र होते.

रोजा आणि खेळ

रमजानमध्ये मुलांच्या खेळाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला पडतो. सोपी गोष्ट अशी की लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. वयात आल्यावर तो लागू होतो. तरी दहा-बारा वर्षांची मुले हौसेने एखादा रोजा ठेवतात आणि घरात त्यांच्या पहिल्या रोज्याचे कौतुक होते. कॅथलिक चर्चचा नियमही याच्या जवळपास जातो. मांस वर्ज्य करण्याचे बंधन १४ व्या वर्षापासून आणि उपवासाचे १८ पासून. दोन्ही धर्मांनी मुलांना सूट दिली आहे, कारण वाढत्या अंगाला काय लागते ते दोघांनाही माहीत होते.

अडचण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची. त्यांच्यावर रोजा आहे आणि मार्चमधले विदर्भाचे ऊन काही हलके नसते. दुपारी चारला सामना ठेवला तर रोजेदार मुलगा एकतर रोजा सोडील नाहीतर सामना. त्याला यातले एक निवडायला लावणे हा आयोजकाचा आळस आहे. या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे मावळतो. शेवटच्या पाऊण तासात हलका सराव ठेवला तर मुलगा थकतो तेव्हा समोर खजूर आणि पाणी असते. मोठा सामना असेल तर तरावीहनंतर दिव्याखाली ठेवता येतो. अनेक शहरांच्या मुस्लिम वस्त्यांत रमजानच्या रात्री टेनिस बॉलचे क्रिकेट असेच रंगते. आणि ज्याला चक्कर येते, घसा कोरडा पडून जीभ जड होते, त्याला लगेच बसवून पाणी देणे हे धर्माच्या विरुद्ध नाही. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे; तो नंतर भरून काढता येतो. शिक्षकाला एवढे माहीत असले तरी पुरे.

२६ एप्रिल २०२१ ला इंग्लंडमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा प्रीमियर लीगचा सामना चालू होता. दोन्ही संघांत मिळून दोन रोजेदार होते, वेस्ली फोफाना आणि शेखू कुयाते. सूर्य मावळल्यावर पॅलेसच्या गोलरक्षकाने गोलकिक मारायला जरा वेळ घेतला, दोघांनी धावत जाऊन रोजा सोडला आणि सामना पुढे सुरू झाला. ज्या लीगचे कितीतरी क्लब चर्चच्या पोटातून जन्मले, त्या लीगमध्ये आता मगरिबला अर्धा मिनिट थांबतात. काही बिघडत नाही.

मैदान कुणाचे

भारताची हॉकी मागे का पडली, याचे एक कारण जमिनीत आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. वर्षभरापूर्वीचा विश्वविजेता भारत तिथे सातवा आला. १९२८ पासून ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतण्याची ती पहिली वेळ. मातीवर वाढलेला खेळ चटईवर गेला आणि ती चटई खेड्याच्या आवाक्याबाहेरची होती. सिमडेगा, सुंदरगढने तरीही खेळ सोडला नाही. मुले मातीवरच शिकत राहिली, सरकारी मैदाने नंतर आली. २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात बिरसा मुंडा यांच्या नावाचे मोठे स्टेडियम उभे राहिले. पाया मात्र त्याआधी शंभर वर्षे बांधीत पडला होता.

अड्याळला किंवा पवनीला स्टेडियम मागायची गरज नाही. कापणीनंतर जी बांधी उन्हाळी धानाला लागत नाही, तिचा एक तुकडा सपाट केला तरी मैदान होते. हॉकीचा खरा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. तो लहान मुलांना नको. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमहूनही हलका असतो. नडगीवर लागला तर मूल रडत नाही, हसते. अकरा-अकरा मुले जमली नाहीत तर पाच-पाचही चालतात. हॉकी फाइव्हज हा पाच जणांचा प्रकार २०१४ मध्ये नानजिंगच्या युवा ऑलिंपिकपासून जगभर खेळला जातो. काठी बांबूची. मुली आणि मुले दोघांनाही उतरवावे. सलीमा टेटे अशीच बांबूची काठी घेऊन उतरली होती.

मग राहतो तो आयोजकाचा प्रश्न. चर्चने पुढाकार घेतला तर चर्चने घ्यावा, मशीद कमिटीने घेतला तर तिने, हनुमान मंदिराच्या मंडळाने घेतला तर त्याने. अट एकच, आणि ती पहिल्या दिवशी फलकावर लिहिलेली असावी: मैदान ज्याचे, त्याचे फक्त मैदान; मूल सगळ्यांचे. संघ मोहल्ल्यांप्रमाणे किंवा जातीप्रमाणे पाडू नयेत. चिठ्ठ्या टाकाव्यात. मोहल्ल्याचा संघ केला की हरल्यावर मोहल्ला हरतो आणि मग खेळ खेळ राहत नाही. चिठ्ठीतून निघालेल्या संघात अन्सारी, मेश्राम, बावनकुळे आणि डिसूझा एकाच बाजूला असतात. हरले तर एकमेकांवरच चिडतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात.

बक्षिसाचे काय, हा बारीक प्रश्न वाटतो पण तो बारीक नाही. बोकड म्हटले की कापणार कोण, कसा, कोण खाणार, कोण नाही, हे निघतेच. त्यावर भांडायचे कशाला? टोपलीभर केळी, टरबूज, खजूर ठेवावेत. उपवास कुणाचाही असो, रमजानचा, लेंटचा की चैत्रातल्या नवरात्राचा, फळ सगळ्यांना चालते. जिंकलेल्या संघाने टोपली उचलावी आणि हरलेल्या संघापासून वाटायला सुरुवात करावी.

१९७५ च्या त्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. संघाचे व्यवस्थापक बलबीरसिंग सीनियर, स्वतः शीख, अस्लमला घेऊन क्वालालंपूरच्या मशिदीत गेले, अशी आठवण सांगितली जाते. पाकिस्तानचे खेळाडूही तिथेच नमाजाला आले होते. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांविरुद्ध खेळले. त्या भारतीय संघात शीख होते, हिंदू होते, एक भोपाळी मुसलमान होता, सिमडेग्याचा ख्रिस्ती आदिवासी होता आणि शिवाजी पवार नावाचा खेळाडूही होता.

मायकेल किंडो ३१ डिसेंबर २०२० ला गेला. उपांत्य सामन्यात मैदानाबाहेर येताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कुणालाही विचारावेसे वाटले असते. तो हरलेला नव्हता. त्याच्या जागी गेलेल्या मुलाने गोल केला आणि दोन दिवसांनी दोघेही विश्वविजेत्या संघाचे खेळाडू होते. दोघांच्याही घरी हॉकी आधीच्या पिढ्यांनी आणलेली. एकाकडे भोपाळच्या वडिलांनी, दुसऱ्याकडे मिशनच्या शाळांनी.

आज संध्याकाळी भंडारा जिल्ह्यात इफ्तारची वेळ होईल तेव्हा बांध्यांमधून धूळ उडत असेल आणि कुणीतरी मुलांना घरी हाक मारत असेल. त्यातल्या चार जणांच्या हातात काठी आणि एक टेनिसचा चेंडू दिला तर खर्च फार येणार नाही. जकात आणि फित्र्याचे पैसे ज्यांचे आहेत त्यांच्याकडेच जावेत. पण ईदीतला एखादा रुपया बांबूला आणि चेंडूला गेला तर ती ईदी वाया गेली असे म्हणवणार नाही. ईस्टर २० एप्रिलला आहे, त्याआधी रामनवमी आणि हनुमान जयंती. मधल्या या सगळ्या दिवसांत मुलांच्या शाळा सकाळच्या आणि संध्याकाळी मोकळ्या असतात. पहिला सामना कधी ठेवायचा, तेवढे गावाने ठरवावे.